उजेडाची रेघ

ठाण्याहून निघून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू असा जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ चेन्नईला टेकण्याआधी, शहराच्या साधारण चाळीस किलोमीटर अलीकडे, श्रीपेरुंबुदूर लागतं. परंपरेनुसार रामानुजाचार्यांचं हे जन्मगाव. बाकी देशाला ते २१ मे १९९१ च्या रात्रीमुळे, राजीव गांधींच्या हत्येमुळे ठाऊक झालं. गेल्या तीन दशकांत मात्र या तालुक्याची ओळख मोटारींनी घडवली. ह्युंदाईने १९९६ साली इथल्या इरुंगाट्टुकोट्टईत बस्तान बसवलं आणि १९९८ च्या सप्टेंबरात सँट्रो बाजारात आणली. पुढे ओरगडमला रेनो-निस्सान आणि डेमलर आले; चेन्नईच्या दक्षिणेला, महिंद्रा वर्ल्ड सिटीत, २००७ मध्ये बीएमडब्ल्यूची जुळणी सुरू झाली. योगायोग असा, की मोटारीच्या पुढच्या दिव्यात झेनॉन वायूचा बल्ब पहिल्यांदा बसवला तो बीएमडब्ल्यूनेच, ७ सिरीज गाडीत, १९९१ साली. कारखान्यात तयार झालेला दिवा आणि बाजारात नंतर बसवलेला दिवा या रस्त्यावर रोज रात्री समोरासमोर येतात. या दोघांमधला फरक उजेडाच्या मापात शोधला तर हाती फारसं काही लागत नाही. तो उजेड कुठे थांबतो, तिथे शोधावा लागतो.

मोटारीला दिवा मिळाला त्या काळापासूनच हा प्रश्न तिच्यामागे लागला आहे. कार्बाइडच्या ॲसिटिलीन दिव्यांचा उजेड जेमतेम होता, गाड्याही सावकाश होत्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विजेचे दिवे रुळले, वेग वाढला आणि समोरच्याचे डोळे दिपू लागले. १९२५ मध्ये ऑसरामचा बायलक्स बल्ब आला. एकाच काचेत दोन तारा, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे परावर्तकाचा वरचा अर्धाच भाग उजळतो आणि झोत जमिनीकडे झुकतो. १९५७ मध्ये युरोपने असममित झोत स्वीकारला: समोरून येणाऱ्याच्या बाजूला झोताच्या वरच्या कडेची रेघ सपाट, रस्त्याच्या कडेला जरा वर चढलेली, म्हणजे पायी चालणारा आणि पाटी दोन्ही दिसावेत. १९६२ मध्ये हॅलोजन आला, १९७१ मध्ये दोन तारांचा एच-४. भारतातल्या कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं याच एच-४ वर धावल्या, आणि त्याच्या पोटातही ती बायलक्सची वाटी आहे. या साऱ्या प्रवासात एक शिस्त कधी मोडली नाही. दर वेळी उजेड वाढला तेव्हा त्याला अडवणारी रेघही अधिक काटेकोर झाली.

कारखान्यातून आलेल्या झेनॉननेही ती शिस्त पाळली. या दिव्यात तार नसते. क्वार्ट्झच्या कुपीत दोन इलेक्ट्रोड, मध्ये काही मिलिमीटरांची फट, आत दाबाखाली झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार. बॅलास्ट वीसेक हजार व्होल्टचा झटका देऊन ठिणगी पेटवतो. झेनॉन लगेच उजळतो आणि क्षार तापले की पूर्ण प्रकाश मिळतो. ३५ वॅटमध्ये सुमारे ३,२०० ल्युमेन. एच-४ चा डिपर ५५ वॅट खाऊन देतो हजारच्या आसपास. एवढा उजेड मोकळा सोडायचा नाही हे युरोपच्या नियमकर्त्यांनी ओळखलं होतं. २,००० ल्युमेनच्या वरच्या डिपरला त्यांनी दोन अटी घातल्या: गाडी मागे दबली की झोत आपोआप खाली आणणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे. काचेवरची धूळसुद्धा प्रकाश विखरून रेघ पुसून टाकते, म्हणून फवारे. आपल्याकडे औरंगाबादच्या शेंद्र्यात जोडली जाणारी श्कोडा सुपर्ब २००९ मध्ये बाय-झेनॉन घेऊन आली तेव्हा तो दिवा भिंगाच्या प्रोजेक्टरमध्ये बसवलेला होता आणि वळणावर फिरणाराही होता. अशा गाडीत बल्ब हा त्या संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत किरकोळ भाग असतो.

बाजारात सुट्या मिळणाऱ्या झेनॉन कीटने नेमका तो किरकोळ भाग उचलला आणि बाकीची व्यवस्था सोडून दिली. तरीही कीट घेणाऱ्याला मूर्ख किंवा माजोरी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण त्याची गरज खरी होती. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीचे जाड काचेचे गोल दिवे, त्यातला पिवळट उजेड, दुपदरी रस्ता, समोरून अप्पर न उतरवणारा ट्रक, मध्येच बिनदिव्याची बैलगाडी. या रस्त्यावर रात्र काढलेल्या माणसाला जास्त उजेड हवासा वाटला तर त्यात नवल काय? त्यात आपल्या गाड्यांतलं वायरिंग बारीक. हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येई आणि वाटेत व्होल्टेज गळे. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. इलाज म्हणून लोक आधी १००/९० वॅटचे बल्ब आणि रिले लावत. रॅलीच्या गाड्यांची नक्कलही होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा रेसचा ट्रॅक १९९० पासून याच इरुंगाट्टुकोट्टईत आहे. मग २००० नंतरच्या दशकात चिनी एचआयडी, म्हणजे झेनॉनचे, कीट चेन्नईच्या जनरल पॅटर्स रोडवर, मुंबईच्या ऑपेरा हाउसपाशी, पुण्याच्या नाना पेठेत काउंटरवर मिळू लागले. महागड्या गाडीतला दिवा थोडक्या पैशांत आपल्या गाडीत! मोह पडणारच.

एच-४ मध्ये कीट बसतं कसं, हे जवळून पाहायला हवं. मागचा तीन पिनांचा होल्डर ओढून काढतात, रबराची टोपी सोलतात, तारेची क्लिप दाबून जुना बल्ब बाहेर घेतात. नव्या कुपीच्या बुडाशी एक छोटं विद्युतचुंबक असतं. अप्पर-डिपर बदलताना ते कुपीला मागेपुढे सरकवतं. रबराच्या टोपीला भोक पाडून दोन जाड वायरी बाहेर काढायच्या, बॅलास्ट बॅटरीशेजारी पट्टीने आवळायचा, रिलेचा धन टोकाचा जोड थेट बॅटरीवरून घ्यायचा. चांगला मिस्त्री हे काम सफाईने करतो, यात शंका नाही. पण परावर्तकाची प्रत्येक वक्ररेषा एका ठरावीक जागी असलेल्या, ठरावीक लांबीच्या सरळ तारेसाठी आखलेली असते. तिथे आता किंचित कमानीसारखा वाकलेला, कडेला प्रभा असलेला, सरकत्या बुडावर डुगडुगणारा कंस येऊन बसतो. वाटीची नक्कल असते, ती जागेवर नसते. भिंतीवर झोत पाडून पाहिला तर जिथे रेघ असायला हवी तिथे एक पांढरा फराटा दिसतो. त्यात गिऱ्हाइकाची आवड निळसर, ६,००० किंवा ८,००० केल्व्हिनची. मूळ झेनॉन ४,३०० च्या आसपास असतो. त्यापुढे रंग जसा निळा होत जातो तसा प्रत्यक्ष उजेड कमी होतो आणि समोरच्याच्या डोळ्याला तो जास्त खुपतो.

रेघेच्या जागेचा हा नाजूकपणा किती, ते आकड्यांत सांगता येतं. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे आणि झोत नियमाप्रमाणे शंभराला एक या उताराने खाली झुकवला आहे असं धरू. पन्नास मीटरवर त्याची वरची कड जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर असेल. झोत एका अंशाने वर गेला की तीच कड पन्नास मीटरवर एक मीटरच्याही जरा वर पोचते, म्हणजे लहान गाडीतल्या चालकाच्या डोळ्यांपाशी. मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत सामान भरलं तरी एवढा फरक पडू शकतो. स्वयंचलित पातळीची अट आली ती यामुळे. मूळची कडच विस्कटली असेल तर मग अंशांचा हिशेबही उरत नाही.

कीट लावणारे म्हणतात, आम्हाला दुप्पट दिसतं. अनुभव प्रामाणिक आहे, पण तो बहुतेक गाडीच्या नाकासमोरचा असतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. तिप्पट उजेड नेमका नेम धरून पाडला तरी नजरेचा पल्ला फार तर पावणेदोन पट होईल. विखुरलेला उजेड जवळचा रस्ता पांढराफटक करतो, बाहुली आक्रसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. चेन्नईकडच्या ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबर, ओला डांबरी रस्ता तर आरशासारखा सारा प्रकाश पुढे ढकलतो: चालकाला काळं पाणी दिसतं आणि समोरच्याला आग. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कंपनीच्या झेनॉन आणि एलईडी गाड्यासुद्धा डोळ्यांवर येतातच, मग दोष एकट्या कीटलाच का? आक्षेप खरा आहे. चढावर, उंचवट्यावर, उंच एसयूव्हीच्या बाबतीत कंपनीचा दिवाही त्रास देतो. फरक असा, की तिथे त्रास क्षणाचा असतो आणि चढ संपला की रेघ परत जागेवर येते. तिसरं म्हणणं, समोरचे सगळे लावतात म्हणून आम्हीही. ही शर्यत कोणीच जिंकत नाही; दिपलेल्या डोळ्याला सावरायला लागणारे सेकंद सगळ्यांचेच जातात, आणि साठीपुढच्या माणसाचे जास्त. उजेड वाढवायचाच असेल तर त्याला सन्मानाचे मार्ग आहेत. पिवळी पडलेली काच घासून घ्यावी, रिलेचं वायरिंग घालून बल्बला पूर्ण व्होल्टेज द्यावं, चांगल्या कंपनीचा मूळ वॅटचाच बल्ब लावावा.

या महामार्गाने दिपण्यावर स्वतःचा एक उपाय काढला, तो मला फार आवडतो. सुवर्ण चतुष्कोन योजनेत रस्ता चौपदरी झाला आणि दुभाजकावर कण्हेर, बोगनवेल आली. साताऱ्याच्या वाटेवरची गुलाबी कण्हेर प्रवाशाला शोभेची वाटते, पण ती तिथे आहे ती समोरच्या लेनचा झोत अडवायला. म्हणजे ज्या काळात कीट सर्रास मिळू लागलं त्याच काळात या रस्त्यावर त्याचं निमित्त कमी होत होतं. महामार्ग सोडून आत वळलेल्या दुपदरी रस्त्यांवर मात्र कण्हेर नाही, आणि तिथे सायकलवाला, पादचारी आणि झेनॉनवाला यांच्यात काहीच आडवं येत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ दिव्याचा झोत खाली झुकलेला किंवा चालकाला खाली झुकवता येणारा, समोरच्याला न दिपवणारा असावा असं सांगतो. हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका रंगवायची जुनी सक्ती अनेकांना आठवत असेल. ओबडधोबड असली तरी तिची कळकळ तीच होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात ते ठामपणे अधोरेखित केलं. तरी कीट विकलं गेलं, आणि आज त्याची जागा एलईडीच्या कीटने घेतली आहे; चूक तीच. माझ्या मते कारण मोजमापात आहे. मोटार कारखान्यातून निघण्याआधी तिच्यासमोर एक पेटी येते: पुढे भिंग, आत पडदा, पडद्यावर रेघ. झोत त्या रेघेला टेकवला जातो, मगच गाडी पुढे सरकते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तेवढ्या काळात तिचा दिवा सक्तीने तपासायची वेळ एकदाही येत नाही. धुरासाठी पीयूसी आहे. ठरावीक मुदतीने गाडी नळीला लावावीच लागते. दिवा तपासायची ती पेटी चाकांवर ढकलत नेता येते आणि दोन्ही दिवे पाहायला काही मिनिटं पुरतात. श्रीपेरुंबुदूरच्या आसपासच्या कारखान्यांत ती रोज हजारो दिव्यांसमोर उभी राहते. महामार्गावरच्या पीयूसी केंद्रात, धुराच्या नळीशेजारी, तिच्यापुरती जागा सहज आहे.