शकुंतला गेली, आता ब्रॉडगेज

यवतमाळचं रेल्वे स्टेशन म्हटलं की आम्हाला आधी शकुंतला आठवते. किती वाजता निघते ते विचारताना लोक 'गाडी' म्हणायचेच नाहीत, 'शकुंतला' म्हणायचे!

खरं तर ही गाडी आपल्यासाठी नव्हतीच. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने शंभर वर्षांपूर्वी यवतमाळ ते मूर्तिजापूर रूळ टाकले. रुंदी जेमतेम अडीच फूट. त्यामुळे मूर्तिजापूरला गाठी उतरवून मोठ्या गाडीत चढवायच्या. देश स्वतंत्र झाला तरी मालकी कंपनीचीच राहिली. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं.

पण झालं काय, कापसाच्या गाडीत माणसं बसली. लाडखेड, दारव्हा, कारंजा... एसटीचं तिकीट न परवडणारा मजूर हिच्यातून जायचा. गाडी रखडायची, पण गरिबाला सोबत न्यायची.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग आहे. त्यातला वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आनंदच आहे. मात्र हा मार्ग दारव्ह्याहून दिग्रस, पुसदकडे वळतो. कारंज्याच्या बाजूच्या गावांचं काय?

स्टेशन कितीही देखणं बांधा, मला ते एकाच गोष्टीवरून जोखावंसं वाटतं: तिथे कोणाच्या खिशाला परवडणारी गाडी थांबते? कापसासाठी आलेली शकुंतला माणसांची झाली. माणसांसाठी येणारी गाडी तरी त्यांची राहावी, एवढंच.