‘व्हॉल्यूम’ या संज्ञेची सीमा

लॅटिनमध्ये ‘वोलूमेन’ म्हणजे गुंडाळी. पुढे हा शब्द ग्रंथाच्या खंडास लागला, आणि संगणकशास्त्रात चुंबकीय फितीच्या रिळास व तबकड्यांच्या चवडीस. आयबीएमच्या १३११ या १९६२ सालच्या यंत्रातील चवड काढून कपाटात ठेवता येत असे. सिस्टिम/३६० मध्ये प्रत्येक चवडीच्या आरंभी सहा अक्षरांची ओळखखूण लिहिलेली असे. नाव आणि वस्तू यांत भेद नव्हता.

हे ऐक्य भंगले ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे. रॉबर्ट क्रीसी व लेस कोमो यांनी आयबीएमच्या तेथील वैज्ञानिक केंद्रात १९६४ च्या अखेरीस आरंभिलेली सीपी-४० ही प्रणाली एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवीत असे. प्रत्येक यंत्रास स्वतंत्र चवड देणे परवडण्याजोगे नव्हते. म्हणून चवडीतील सलग सिलिंडरांचा एक पट्टा तोडून देण्याची प्रथा पडली. तीच ‘मिनिडिस्क’ होय. पट्टा ५० व्या सिलिंडरापासून सुरू होत असेल, तर अतिथी प्रणालीने शून्यावा सिलिंडर मागताच नियंत्रक प्रणाली त्यात ५० मिळवी. अतिथीस आपण संपूर्ण तबकडीचे स्वामी आहोत असेच वाटे.

मात्र या पट्ट्यांच्या सीमा केवळ निर्देशिकेत नोंदलेल्या असत, आणि ती नोंद माणूस करी. एकाचा पट्टा ५० ते ७९ आणि दुसऱ्याचा ७५ ते ९९ असा लिहिला गेला, तर पाच सिलिंडरांवर दोघांचा हक्क पोचे. व्हीएम/३७० (१९७२) मधील निर्देशिका सिद्ध करणारी आज्ञावली ही चूक पकडीत नसे. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने बिनचूक लिहीत, आणि नाश उघड होई तो वाचण्याच्या वेळी. न्यायशास्त्रातील अतिव्याप्ती हा लक्षणाचा दोष. येथे ती शब्दशः घडत असे! पट्टा वाढवावयाचा तर मजकूर अन्यत्र नकलून न्यावा लागे, कारण शेजारची जागा बहुधा दुसऱ्याची असे.

या दोन्ही अडचणींचे मूळ सलगतेत होते. एआयएक्सच्या १९९० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि हाइन्त्स माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी रचलेल्या एलव्हीएममध्ये जागेचे समान तुकडे पाडून त्यांचा तक्ता यंत्रानेच राखला. कोणता तुकडा मोकळा आहे, हे माणसाने मोजावयाचे उरले नाही. पुढे लिनक्समध्ये ‘थिन’ खंड आले. त्यांत लेखन होईपर्यंत जागाच दिली जात नाही. घोषित आकारांची बेरीज प्रत्यक्ष साठ्याहून अधिक असू शकते, आणि साठा संपताच त्यावरील सर्व यंत्रांचे नवे लेखन अडते.