नांदेड-लातूरकडील गावरानी कापसाचा वंशवृक्ष

पोथीची शुद्धाशुद्धता ठरविताना तिच्या अक्षराच्या वळणावर भुलू नये, तिची मूळ मातृका कोणती ते शोधावे, हा नियम हस्तलिखितांच्या अभ्यासकांस सांगण्याची गरज नाही. परंतु हाच नियम सजीव सृष्टीसही लागू पडतो, आणि तो लागू पडतो हे प्रयोगाने सिद्ध करण्यात जीवशास्त्राचा एक मोठा भाग खर्ची पडला आहे, हे आपल्या वर्तुळात क्वचितच ध्यानी घेतले जाते. नांदेड व लातूर या बाजूस पिकत आलेल्या गावरानी कापसाचा वृत्तान्त या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कागदपत्रांच्या शोधकाने शेतातील सरकीकडेही साधन म्हणून का पाहावे, एवढाच मुद्दा प्रस्तुत लेखात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

या प्रदेशातील कापडाचा व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तगर या दोन पेठांचा उल्लेख असून, तगराहून साधे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांनी भडोचच्या बंदरास जात असे, असे त्यात नमूद आहे. तगर म्हणजे आजचे तेर. ते लातुरास लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यात आहे. ते कापड कोणत्या वाणाच्या रुईचे, हे ग्रंथकार सांगत नाही. तथापि जीवशास्त्राच्या आधारे एक मर्यादा घालता येते. लागवडीखाली असलेल्या कापसाच्या जाती चार. पैकी दोन जुन्या जगाच्या व दोन अमेरिकेच्या. अमेरिकेचा मार्ग युरोपियनांस सापडण्यापूर्वी तिकडील सरकी येथे येणे संभवत नाही. तेव्हा तेरचे कापड जुन्या जगाच्या दोन जातींपैकीच एखादीचे असले पाहिजे. गावरानी कापूस हा त्याच दोहोंपैकी 'आर्बोरियम' या जातीतील होय. वऱ्हाड-वर्ध्याकडे याच्या सख्ख्या भावास 'बनी' म्हणत. मऊ, रेशमासारखा व देशी कापसात लांब असा याचा धागा. दोष एवढाच की, कपाशीच्या मानाने रुईचा उतारा कमी.

या दोषातूनच पुढील अनर्थ उद्भवला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसास अकल्पित भाव आला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण मागणीची वाट पडून गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने नांदेड, व १९११ साली बार्शी लाइट रेल्वेने लातूर, मुंबईच्या बाजाराशी जोडले गेले. त्या काळी ही दोन्ही गावे निजामाच्या मुलखात असून लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. लोहमार्गापाठोपाठ वाफेवर चालणारे जिन आले. पूर्वी घरच्या चरकीवर रुई काढली म्हणजे घरचीच सरकी पेऱ्यास उरे. जिनात मात्र दहा गावांची कपाशी एका ढिगात पडू लागली, आणि शेतकरी परत नेई ती सरकी कोणाच्या शेतातली हे सांगण्यास कोणी उरले नाही. याच सुमारास वऱ्हाडात 'रोझियम' नावाचा आखूड धाग्याचा, पण भरपूर उतारा देणारा कापूस फैलावला होता. वजनावर पैसे मिळत, धाग्यावर मिळत नसत. सबब रोझियमची भेसळ वाढत गेली. यात शेतकऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. ज्या गुणाची किंमत बाजार देतो तोच गुण शेतात टिकतो.

आता ही भेसळ निवडून काढणे वरवर पाहता सोपे वाटेल. गावरानीचे फूल पिवळे, रोझियमचे पांढरे. पांढऱ्या फुलाचे झाड दिसले की उपटून टाकावे, म्हणजे चार-दोन वर्षांत शेत शुद्ध होईल, असा तर्क कोणीही करील. परंतु तो टिकत नाही, आणि का टिकत नाही हे समजून घेण्यास आनुवंशिकतेचा नियम पाहिला पाहिजे.

ब्रून शहरी ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६५ साली वाचून दाखविले व १८६६ साली ते छापले गेले. पण त्यांकडे विद्वानांचे लक्ष १९०० सालापर्यंत गेले नाही. त्यानंतर लवकरच कानपूरच्या बाजूस मार्टिन लीक याने हाच विचार हिंदी कापसास लावून १९११ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिवळ्या व पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला असता पहिली पिढी पिवळीच येते; पांढरा गुण नाहीसा होत नाही, झाकला जातो. त्या पिढीचे बी आपल्याच परागाने धरले तर पुढील पिढीत सरासरी चारांत एक झाड पांढरे निघते. म्हणजे शंभर झाडांत पांढरी पंचवीस व पिवळी पंचाहत्तर. परंतु या पंचाहत्तरांपैकी पन्नास झाडे पोटात पांढरा गुण बाळगून असतात. पंचवीस उपटून टाकली आणि उरलेल्यांचे बी स्वपरागाने घेऊन पेरले, तरी पुढील सालच्या ६०० झाडांत सुमारे १०० पुन्हा पांढरी दिसतील. शिवाय फुलाचा रंग हा एकच गुण झाला; धाग्याची लांबी व रुईचा उतारा हे गुण अनेक घटकांवर अवलंबून असल्याने रंगाने शुद्ध दिसणारे झाड धाग्याने शुद्ध असेलच असे नाही.

सारांश, दिसणारे रूप ही एक गोष्ट व अंगी असलेले बीज ही दुसरी. डेन्मार्कच्या योहान्सेन याने १९०९ साली या दोहोंस निराळी नावे दिली व आनुवंशिक घटकास 'जीन' ही संज्ञा योजिली. आपल्या क्षेत्रात याच काळात असाच विवेक चालू होता. पुण्यास भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून त्याची धुरा वाहिली. प्रतींची संख्या वा त्यांची टापटीप प्रमाण न मानता त्यांची कुळे लावावी, व दोन कुळांचे पाठ एकमेकांत मिसळलेल्या प्रती विशेष जपून वापराव्या, हे त्या कार्याचे सूत्र होते. जिनातील सरकीचा ढीग आणि अनेक मातृकांवरून उतरलेली प्रत यांची व्याधी एकच. भेद एवढाच की, पोथीला साक्ष विचारता येत नाही; रोपाला मात्र त्याच्या संततीच्या द्वारे विचारता येते.

ही साक्ष काढण्याची रीत अशी. उत्तम दिसणारी झाडे निवडून त्यांची फुले उमलण्यापूर्वी कळ्यांची तोंडे दोऱ्याने बांधतात, जेणेकरून मधमाशीने शेजारचा पराग आणू नये. प्रत्येक झाडाची सरकी निराळी ठेवून पुढील साली निराळ्या ओळीत पेरतात. ज्या ओळीत संतती सारखी निघेल ती ठेवावयाची, फुटेल ती टाकावयाची. यातही एक फसगत संभवते. बांधाकडेचे झाड खतामुळे वा मोकळ्या जागेमुळे थोर दिसते. ते थोरपण संततीत उतरत नाही, हे योहान्सेनने १९०३ साली घेवड्याच्या दाण्यांवरून दाखविले होते. म्हणून एकाच वाणाचे अनेक वाफे शेतात निरनिराळ्या ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या क्रमाने घालतात, आणि जमिनीचा गुण कोणता व बियाण्याचा कोणता हे आकड्यांनी वेगळे काढतात. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे फिशर याने ही पद्धत बांधली व १९३५ साली तीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या मतास अनुकूल तेवढेच वाफे मोजावयाचे नाहीत, हे तिचे मर्म. इतिहाससंशोधकासही त्यावाचून गती नाही.

निजामाच्या राज्यात परभणी येथे १९१८ साली मुख्य प्रयोगक्षेत्र स्थापन झाले. ब्रिटिश मुलखात १९१७ साली नेमलेल्या कापूस समितीच्या शिफारशींवरून मध्यवर्ती समिती (१९२१) व कापूस वाहतुकीचा कायदा (१९२३) झाला, तो याच भेसळीस आळा घालण्यासाठी. पुढे निवडीच्या मार्गाने गावरानी ६, गावरानी १२ असे वाण सिद्ध झाले. नावापुढील अंक म्हणजे एकेका निवडीची खूण होय. आपण प्रतींस क, ख, ग अशी चिन्हे देतो त्यातलाच तो प्रकार.

कित्येकांची समजूत अशी की, गावरानीस अमेरिकन कापसाने बाटविले. ती बरोबर नाही. आर्बोरियमच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकन 'हिर्सुटम'च्या पेशीत ५२. दोहोंचा संकर झालाच तर सहसा वांझ निघतो. बियाण्यात भेसळ केली ती देशी सोयऱ्यांनीच. अमेरिकन कापसाने केले ते निराळे. त्याने गावरानीची जागाच घेतली. १९७० साली सुरतेस सी. टी. पटेल यांनी पहिला व्यापारी संकरित कापूस काढला, १९८० नंतरच्या दशकात नांदेडच्या केंद्रातील 'नांदेड ४४' कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचला, आणि २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली. संकराचे जोमदार गुण पहिल्या पिढीपुरतेच. दुसऱ्या पिढीत ते वर सांगितलेल्या नियमाने फुटतात. म्हणून सरकी घरी राखण्यात अर्थ उरला नाही, आणि सरकी राखण्याची रीतच मोडली. लातूरकडे तर सोयाबीनने कापसालाच बहुतांशी मागे सारले आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने आर्बोरियमचे लांब धाग्याचे नवे वाण काढून हा वंश अजून जागता ठेविला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु निवडलेला एक वाण म्हणजे अवघे कुळ नव्हे. संपादित संहिता हाती आली म्हणून मूळ प्रती कोणी नदीत सोडीत नाही. यास्तव संग्राहकांस आमची विनंती अशी की, मोडी वा उर्दू दप्तरे पाहताना आडतीच्या वह्या, जिनांचे हिशेब व बियाण्याच्या वाटपाचे कागद निरुपयोगी म्हणून वगळू नयेत. त्यांत वाणांची स्थानिक नावे, भाव व साल सापडण्याचा संभव आहे. त्याचप्रमाणे बिलोली, देगलूर, भोकर वा उदगीरकडील एखाद्या घरी जुनी पऱ्हाटी परसात उभी आढळल्यास तिची सरकी गाव, तारीख व मालकाने सांगितलेले नाव लिहून निराळ्या पुडीत ठेवावी व कृषी विद्यापीठाकडे पोहोचवावी. दोन घरांची सरकी एका पुडीत मात्र घालू नये. कागद जपून ठेवला तर शंभर वर्षांनीही वाचता येतो. सरकीची उगवणशक्ती साध्या कोठीत थोड्याच वर्षांत सरते, आणि सरल्यावर तिची नक्कल करून घेण्याचा मार्ग उरत नाही.