कुंदगोळच्या गाडीतला रियाज

हुबळीच्या देशपांडे नगरात राहणाऱ्याला गाण्यासाठी लांब जावं लागत नाही. सवाई गंधर्वांच्या नावाचं सभागृह इथंच, आणि गायिका गंगूबाई हानगलांचं ‘गंगा लहरी’ हे घरही इथंच. मी याच भागात मुलांना गाणं शिकवते. शिकवणी संपली की मुलं फोनवरचं रेकॉर्डिंग बंद करतात आणि निघतात. आता ते घरी जाऊन ऐकतील, निदान आईवडील तरी तसं समजतात. अशा वेळी मला गंगूबाईंचा हुबळी ते कुंदगोळ हा वीसेक किलोमीटरचा रेल्वेप्रवास आठवतो.

गंगूबाईंचा जन्म १९१३ चा, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणारी. मुलीला हिंदुस्थानी शिकवायचं ठरल्यावर १९२८ मध्ये बिऱ्हाड हुबळीला आलं. मुलीच्या कानात दोन पद्धतींची सरमिसळ नको म्हणून अंबाबाईंनी स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं, असं सांगतात. स्मरणशक्ती म्हणजे काय हे त्या माउलीला पक्कं कळलं होतं. कानावर पडलेलं नको तेही राहतं, ते पुसता येत नाही.

पहिले गुरू किन्नरीवादक कृष्णाचार्य हुलगूर. त्यांनी वर्षभरात साठेक चिजा दिल्या. पुढं पैशावरून बिनसलं आणि ती शिकवणी थांबली. मग काही काळ दत्तोपंत देसाई, आणि शेवटी रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. ते नाटकांच्या निमित्तानं फिरतीवर, त्यामुळं तालीम मिळायची ती ते गावाकडं आले की तुकड्यातुकड्यांनी. एकोणीसशे तीसच्या दशकाच्या अखेरीस ते कुंदगोळात कायमचे राहिले, तेव्हा कुठं सलग तीनेक वर्षं शिकणं झालं. हुबळीहून गाडीनं जायचं, शिकायचं, परतायचं. तरुण भीमसेन जोशी तेव्हा गुरूंच्या घरी राहून शिकत. रात्री बाईंना स्टेशनपर्यंत सोडायला तेच जात.

साठ चिजांची वही हातात असलेली ही मुलगी आता एका जागेपाशी तासन्‌तास अडवली जाऊ लागली. एकच पलटा, पुन्हा तोच. कंजूष माणूस पैसा सोडतो तसा स्वर सोडावा, ही गुरूंची शिकवण बाईंनी पुढं मुलाखतींतून सांगितली. गाण्याबद्दलचं हे वाक्य मला आठवणीबद्दलही तितकंच खरं वाटतं.

गाडीत तानपुरा नसतो. डब्यात चार माणसं बसलेली, तिथं मोकळा गळा लावता येत नाही. घरी पोचल्यावर संसार, मुलंबाळं. टेपरेकॉर्डर तर स्वप्नातही नाही. त्या काळच्या प्रत्येक शिष्याची हीच गत होती. गुरूनं दिलेलं हरवायचं नसेल तर ते मनात पुन्हा काढून बघायचं, एवढाच मार्ग. आणि हा उद्योग हावरेपणानं केला की बिघडतो. दहा जागा एकदम आठवायला गेलं की अकरावी आपण आपल्याच मनानं घालतो, आणि उद्या ती गुरूची म्हणून गातो.

मी शिकले तेव्हाची आमची रीत सांगते, कारण ती याच वाटेनं आली आहे. विलंबित एकतालाच्या मात्रा बारा. अंगठा सोडून चार बोटांची पेरंही बारा. अंथरुणावर पडून अंगठा पेरावरून पेरावर सरकवायचा आणि मनात आवर्तन चालू द्यायचं. मुखडा कुठून उचलला, गुरुजी समेला कसे आले, रिषभावर किती थांबले, हे आठवायचं. अंगठा पुढं गेला आणि स्वर आठवला नाही, तर तिथंच थांबायचं. अंदाजानं भरायचं नाही. पुन्हा पहिल्या पेरावर यायचं. दोनदा अडलं तर झोपायचं. सकाळी गुरुजींना तेवढंच विचारायचं. चिडके गुरुजीसुद्धा या प्रश्नावर खूष होत.

सवाई गंधर्वांनी भीमसेनांना आधी तीनच राग घोटायला दिले: सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया. तोडी आणि मुलतानीचे स्वर तेच. पण मुलतानीत चढताना रिषभ-धैवत वगळतात, ते येतात उतरताना. वहीत दोन्हीकडं तीच सात अक्षरं दिसतात. फरक चालीत आहे, आणि चाल आठवायची तर सावकाशच आठवावी लागते. घाई केली की दुपारच्या मुलतानीत सकाळची तोडी शिरलीच म्हणून समजा.

मनातल्या रियाजाचा असर शास्त्रज्ञांनाही दिसला आहे. अल्व्हारो पास्क्वाल-लिओन यांचा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. पियानोवरचा पाच बोटांचा छोटा तुकडा, रोज दोन तास, पाच दिवस. एका गटानं वाजवला, दुसऱ्यानं पियानोसमोर बसून नुसता मनात वाजवला. बोटांचा कारभार पाहणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्हीकडं सारखाच बदल दिसला. सफाईत मनातले वादक थोडे मागं होते. एकदा दोन तास प्रत्यक्ष वाजवल्यावर तेही बरोबरीला आले. म्हणजे गळा लावावा लागतोच, नुसत्या अंथरुणावरच्या रियाजावर कुणी गवई होत नाही. पण मनातल्या रियाजानं जे साधलं ते साधताना तुकडा छोटा होता, हे विसरू नये.

१९४२ मध्ये सवाई गंधर्वांना पक्षाघात झाला, १९५२ मध्ये ते गेले. गंगूबाई २००९ पर्यंत होत्या. तीन वर्षांच्या त्या सलग तालमीवर त्यांचं पुढचं सगळं गाणं उभं राहिलं. साठ चिजांच्या वर्षाचा हिशेब लोक कौतुकानं सांगतात. माझ्या मते त्यांना गवई केलं ते कुंदगोळच्या कंजुषीनं.

माझ्याकडं मुलं पाठवणाऱ्या पालकांना म्हणून एक विनंती. महिन्यात किती राग झाले, हे विचारू नका. रात्री जेवण झाल्यावर पोराला आज शिकलेलं फोन न उघडता गुणगुणायला सांगा. अडलं तर तिथंच सोडून द्या, पुढचं आम्ही सकाळी बघू.