सँ-दनीची जागा: रेयुनियों बेटावरची एक पोटनिवडणूक

मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथली मराठी वस्ती आठवते. उसाच्या मळ्यात राबायला गेलेली आपली माणसं, त्यांनी जपलेला गणेशोत्सव. पण मॉरिशसपासून सुमारे २०० किलोमीटरवर रेयुनियों नावाचं दुसरं एक बेट आहे, ते मात्र आपल्या बोलण्यात फारसं येत नाही. तिथेही ऊस, तिथेही भारतातून गेलेले, मुख्यतः तमिळ, गिरमिटिये. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झालं. रेयुनियों आजही फ्रान्सचा भाग आहे. वसाहत म्हणून नव्हे, तर फ्रान्सचा एक जिल्हा म्हणून. पॅरिसपासून ९,००० किलोमीटरवर राहणारे हे लोक फ्रेंच संसदेत आपले खासदार पाठवतात.

आज आपण त्यातल्या एकाच जागेकडे पाहणार आहोत: राजधानी सँ-दनीचा पहिला मतदारसंघ. प्रश्न साधा आहे. मताचा हक्क समान मिळाला, की माणसं समान होतात का?

सुरुवात १८४८ पासून करूया. त्या वर्षी २० डिसेंबरला बेटावरची गुलामगिरी संपली. सुमारे ६२,००० माणसं मुक्त झाली आणि पुरुषांना मताधिकारही मिळाला. पुढे नेपोलियन तिसऱ्याच्या राजवटीत बेटाचं संसदेतलं प्रतिनिधित्वच गेलं, ते १८७० नंतर परत आलं. पण मत हाती असूनही जमीन आणि साखर कारखाने मूठभर घराण्यांकडेच राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. १९४५ च्या निवडणुकीत डाव्या आघाडीचे रेमों वेर्जेस आणि लेओं द लपेर्व्हांश निवडून आले. मार्तिनिकचे कवी-खासदार एमे सेझेर यांच्या जोडीने त्यांनी १९ मार्च १९४६ चा कायदा मंजूर करून घेतला. त्या कायद्याने रेयुनियों, मार्तिनिक, ग्वादलूप आणि फ्रेंच गयाना फ्रान्सचे जिल्हे झाले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फ्रान्समध्ये सामील होण्याची मागणी डाव्यांची होती. कारण मजुराला पॅरिसच्या मजुराइतका पगार, तितकीच पेन्शन, तितकाच औषधोपचार हवा होता.

कायदा झाला, पण समानता काही आली नाही. पगाराचे दर वेगळे, भत्ते कमी. निवडणुकांत गैरप्रकार नित्याचे झाले. तेव्हा १९५९ मध्ये रेमों यांचे चिरंजीव पॉल वेर्जेस यांनी रेयुनियोंचा कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मागणी बदलली: आता स्वायत्तता हवी.

पॅरिसला ते रुचणारं नव्हतं. ऑक्टोबर १९६० मध्ये पंतप्रधान मिशेल दब्रे यांच्या सरकारने एक वटहुकूम काढला. सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक वाटणाऱ्या सरकारी नोकराला बेटावरून थेट फ्रान्सला धाडण्याची मुभा त्यात होती. शिक्षक आणि कवी बोरिस गामालेया अशाच पद्धतीने हद्दपार झाले. तो वटहुकूम १९७२ मध्येच रद्द झाला.

आता दब्रे यांच्याकडे येऊ. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचं पंतप्रधानपद गेलं. जुलैमध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, जो फ्रान्सकडेच राहावा म्हणून ते झगडले होते. नोव्हेंबरमध्ये ते स्वतःच्या मतदारसंघातही हरले. इकडे रेयुनियोंत सँ-दनीची निवडणूक रद्द ठरली होती आणि पोटनिवडणूक लागली. दब्रे यांनी तीच जागा निवडली. समोर उमेदवार होते पॉल वेर्जेस. म्हणजे एका अर्थी ही निवडणूक एका जागेची नव्हतीच. रेयुनियों दुसरा अल्जीरिया होणार का, हा सवाल होता. ५ मे १९६३ रोजी दब्रे प्रचंड मतांनी जिंकले.

बरं, मग ते नुसते पाहुणे खासदार होते का? तसं म्हणता येणार नाही. मंत्रिपदाचा काळ सोडला तर १९८८ पर्यंत ही जागा त्यांच्याकडे होती. शाळांत जेवण सुरू झालं, दूध मिळू लागलं, शाळा आणि रस्ते वाढले. अनेक घरांत त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. ते खोटं नाही.

पण त्याच काळातली दुसरी बाजूही आहे. बेटावर लोकसंख्या फार, काम कमी, असं त्यांचं निदान होतं. त्यावरचा उपाय म्हणजे स्थलांतर. १९६३ मध्येच त्यासाठी सरकारी कचेरी उघडली गेली आणि हजारो तरुण फ्रान्सला गेले. याच वर्षांत बालकल्याण खात्याच्या ताब्यातली मुलंही ओस पडत चाललेल्या क्रझसारख्या जिल्ह्यांत पाठवली गेली. कित्येक आईबापांना वाचता येत नव्हतं, त्यांनी कागदावर अंगठे उठवले. काही मुलं शेतावर फुकटची गडी झाली. २०१८ मध्ये तज्ज्ञ समितीने अहवाल दिला: १९६२ ते १९८४ या काळात किमान २,०१५ मुलं अशी नेली गेली.

त्या आईबापांनाही मत होतं. पण आपलं मूल कुठे आहे, हे विचारायला त्यांना कोणतं दार होतं?

आता त्याच जागेचा पुढचा अध्याय पाहूया. कम्युनिस्टांनी पुढे स्वायत्ततेची मागणी मागे ठेवली आणि पुन्हा समानतेचा आग्रह धरला. किमान वेतन फ्रान्सच्या बरोबरीला आलं ते १ जानेवारी १९९६ रोजी, कायद्यानंतर जवळजवळ ५० वर्षांनी. आणि २०१२ मध्ये सँ-दनीच्या पहिल्या मतदारसंघातून, म्हणजे दब्रे यांच्याच जागेवर, एरिका बारेग्त्स निवडून आल्या. त्यांनी त्या मुलांचा ठराव संसदेत मांडला. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी तो १२५ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला. या मुलांबाबत राज्यसंस्था आपल्या नैतिक जबाबदारीत कमी पडली, असं फ्रान्सच्या संसदेने मान्य केलं. तोवर मुलं साठीकडे झुकली होती.

मग आपल्या प्रश्नाचं उत्तर काय? मताने माणसं आपोआप समान होत नाहीत, हे रेयुनियों सांगतं. त्यासाठी अर्धशतक थांबावं लागलं आणि गेलेलं बालपण तर कुणालाच परत मिळालं नाही. पण ज्या जागेवरून बाहेरचा नेता बेटाचं भवितव्य ठरवत होता, त्याच जागेवरून बेटाच्या खासदाराने राज्याला जाब विचारला, हेही खरं. एकाच खुर्चीचा इतिहास या दोन्ही गोष्टी एकत्र धरून वाचावा लागतो.

इथे थांबूया. आता आपले प्रश्न घेऊ.