तटबंदीवरचा विश्वास कसा उडाला? ‘झिरो ट्रस्ट’चा संक्षिप्त इतिहास

१/९
जो संगणक कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये आहे तो ‘आपला’, ही समजूत दीर्घकाळ व्यावसायिक संगणक-सुरक्षेचा पाया होती. ‘झिरो ट्रस्ट’ म्हणजे या समजुतीचा त्याग. तो एखाद्या प्रतिभावंताच्या स्फुरणातून नव्हे, तर एकामागून एक झालेल्या पराभवांतून घडला.

२/९
२ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या ‘वर्म’ने इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. तोवर हे जाळे प्रामुख्याने संशोधकांचे आणि परस्परविश्वासाचे होते. पुढच्या काही वर्षांत संस्थांनी आपल्याभोवती फायरवॉलचे तट उभारले.

३/९
तटाची उणीव मात्र तट बांधणाऱ्यांनाच आधी कळली. बेल लॅब्सचे बिल चेसविक यांनी १९९० मधील शोधनिबंधात अशा रचनेला बाहेरून कडक, आतून मऊ अशा खाऊची उपमा दिली. कवच एकदा फुटले की आत अडवणारे कोणीच नाही.

४/९
पुढे लॅपटॉप घरी जाऊ लागले, पुरवठादार थेट आतल्या प्रणालींशी जोडले गेले. ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतली रेषा पुसट झाली. २००४ मध्ये काही बड्या कंपन्यांच्या सुरक्षा-अधिकाऱ्यांनी ‘जेरिको फोरम’ स्थापन केला. बायबलमध्ये ज्या नगरीचे तट कोसळतात, तिचे हे नाव.

५/९
जानेवारी २०१० मध्ये गूगलने आपल्यावर चीनमधून सायबरहल्ला झाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी फॉरेस्टर या सल्लागार संस्थेतील जॉन किंडरवॅग यांनी ‘झिरो ट्रस्ट’ ही संज्ञा रूढ केली. नेटवर्कमधले स्थान हा विश्वासाचा पुरावा नव्हे, हे तिचे सूत्र.

६/९
ते न पाळण्याची किंमत २०१३ मध्ये दिसली. शीतकरणाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराचा लॉगिन चोरून हल्लेखोर अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या नेटवर्कमध्ये शिरले आणि थेट गल्ल्यावरच्या यंत्रांपर्यंत पोहोचले. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. भुर्दंड पडला तो कंत्राटदाराचे नावही न ऐकलेल्या ग्राहकांना.

७/९
गूगलने २०१४ पासून ‘बियाँडकॉर्प’ ही आपली नवी रचना प्रसिद्ध केली. तीत कार्यालय आणि कॉफीचे दुकान दोन्ही सारखेच परके. माणूस कोण, उपकरण कोणते, त्याची स्थिती काय, हे तपासून ज्या कामाची गरज तेवढेच दार उघडायचे.

८/९
ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ने या संकल्पनेची प्रमाण मांडणी केली. ७ मे २०२१ रोजी कलोनियल पाइपलाइन बंद करावी लागली. हल्लेखोर एका जुन्या व्हीपीएन खात्यातून आत आले होते आणि त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. पाचच दिवसांनी, १२ मे रोजी, निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने संघराज्य सरकारच्या सर्व खात्यांना झिरो ट्रस्टकडे वळण्याची योजना आखायला सांगितले.

९/९
तरीही नाव फसवे आहे. विश्वास शून्य होत नाही. तो तटाकडून ओळख पटवणाऱ्या यंत्रणेकडे सरकतो. २०२० च्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोर अधिकृत अपडेटमधूनच आत आले आणि काही ठिकाणी त्यांनी ओळखीचे दाखलेच बनावट तयार केले. म्हणून कोणतीही कंपनी ‘आम्ही झिरो ट्रस्ट स्वीकारले’ म्हणाली, की एकच विचारावे: आता तुमचा विश्वास नेमका कोणावर आहे, आणि त्याच्यावर पहारा कोणाचा?