मोटरसायकलचे कलंडणे (थांबताना, उतरताना व उभी केल्यावर)

वेग संपत आलेला असताना किंवा पूर्ण संपल्यावर दुचाकी एका बाजूला आडवी होणे. अपघातांच्या सरकारी आकडेवारीत असले पडणे सहसा दिसत नाही. त्याची नोंद गॅरेजवाल्याच्या बिलात होते. तुटलेली क्लच लिव्हर, फुटलेला इंडिकेटर, वाकलेला फूटरेस्ट, टाकीला पोचा. चालवणाऱ्याचा पाय गाडीखाली सापडला नाही, तर गोष्ट तिथेच मिटते.

वजन हे एकटे कारण नव्हे. ‘क्लासिक ३५०’ ही रॉयल एनफिल्डची गाडी सुमारे १९५ किलोची आहे, पण सरळ उभी असेल तर दोन बोटांनी तोलता येते. गाडी जितकी कलते तितका तिला खाली ओढणारा जोर वाढतो आणि काही अंशांनंतर तो माणसाच्या आवाक्याबाहेर जातो. सुमारे ११० किलोच्या स्प्लेंडरला हाच नियम लागू असला, तरी तिथे सावरायला थोडा अधिक अवधी मिळतो.

स्टँडची रचना : साइड स्टँडवरची गाडी तीन ठिकाणी टेकते : पुढचे चाक, मागचे चाक आणि डावीकडचा स्टँडचा पाय. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या त्रिकोणात पडतो तोवर गाडी उभी राहते. त्रिकोण अरुंद असतो, आणि त्याचे एक टोक बिजागरीवर फिरणारे असते. ही बिजागरी मागच्या बाजूला मिटते, म्हणजे गाडी पुढे सरकली की स्टँड आपोआप दुमडू लागतो. उभ्या गाड्या पडतात त्यामागे बहुधा हीच गोष्ट असते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली, तोंड किंचित उताराकडे, कुणाचा तरी धक्का. वीतभर पुढे सरकली की झाले. म्हणून उतारावर गाडीचे तोंड चढाकडे ठेवतात आणि इंजिन बंद करून ती पहिल्या गिअरमध्ये सोडतात. हँडल डावीकडे पूर्ण वळवून ठेवावे, उजवीकडे वळवल्यास स्थैर्य कमी होते, असे होंडाच्या वापर-पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेले असते. ही पुस्तिका डिकीतून बाहेर काढणारे थोडेच.

कायदे व मानके : मागे मिटणारा स्टँड हा चुकून झालेला दोष नाही, तो सक्तीने आलेला गुण आहे. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानक क्र. १२३ नुसार, गाडी पुढे जात असताना स्टँड जमिनीला लागला तर तो मागे व वर दुमडला गेला पाहिजे. स्टँड खाली राहिलेली गाडी डाव्या वळणावर कलली की स्टँडवर उचलली जाते आणि चालवणारा फेकला जातो; हा नियम ते टाळण्यासाठी आहे. काही युरोपीय कंपन्यांनी याहून पुढे जाऊन असे स्टँड बसवले, की त्यांच्यावरचा भार हटताच ते स्प्रिंगने झटकन वर जात. डुकाटीच्या अनेक जुन्या गाड्यांवर ते होते. विसराळू माणूस वाचला, पण पार्किंगमध्ये गाडी जरा सरळ केली की ती कोसळू लागली. इंग्रजी बोलणाऱ्या मोटरसायकलस्वारांनी या स्टँडला ‘सुइसाइड स्टँड’ असे नाव ठेवले.

युरोपीय समुदायाच्या १९९३ च्या निर्देशात (९३/३१, आता रद्द) हा पेच स्वच्छ दिसतो. गाडी सरळ झाल्यावर किंवा चालकाने पुढे नेल्यावर स्टँड आपोआप मिटला पाहिजे, असे एक कलम सांगते. लगेच पुढचे कलम बजावते, की तिऱ्हाइताने हलके ढकलले किंवा शेजारून गेलेल्या वाहनाच्या वाऱ्याने गाडी हलली, तर उभ्या गाडीचा स्टँड मिटता कामा नये. दोन्ही एकाच स्प्रिंगकडून साधणे अवघड. त्यावरची सुटका निर्देशातच आहे : स्टँड खाली असताना गाडी इंजिनाच्या जोरावर पुढे जाऊच शकत नसेल, तर पहिली अट माफ. स्टँड खाली असताना इंजिन तोडणारा आजचा साइड स्टँड सेन्सर या सवलतीत बसतो. चाचणीही त्यात तपशिलाने दिली आहे. तिरक्या फळीवर मोटरसायकल साइड स्टँडवर ६ टक्के आणि मेन स्टँडवर ८ टक्के आडव्या उताराला टिकली पाहिजे. तोंड चढाकडे असेल तर हेच आकडे अनुक्रमे ८ व १४ टक्के. तोंड उताराकडे असताना मात्र पुन्हा ६ आणि ८.

भारतात दुचाकीच्या स्टँडसाठी एआयएस-१४६ हे मानक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२६ उभे वाहन चुकून चालू लागू नये एवढेच पाहते. पडण्याबद्दल ते बोलत नाही. बीएस-६ पिढीच्या अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडते. ‘ओ दादा, स्टँड!’ असे अनोळखी माणसाला ओरडून सांगण्याची महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरची परोपकारी प्रथा त्यामुळे ओसरत जाईल.

जमीन : स्टँडचा तळवा लहान, त्यामुळे भार एका जागी एकवटतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेला की डांबर मऊ होते. सकाळी नीट उभी केलेली गाडी दुपारपर्यंत डावीकडे झुकत जाते आणि रुतलेला पाय दिसतो तो ती पडल्यावर. पावसाळ्यात हेच काम चिखल करतो. उपाय जुना आणि फुकटचा : तळव्याखाली सपाट दगड, फरशीचा तुकडा किंवा चेपलेला डबा.

मेन (डबल) स्टँड : दोन पायांचा असल्याने सपाट जागी अधिक भरवशाचा, पण तोही मागेच मिटतो, त्यामुळे तोंड उताराकडे असताना बेभरवशाचा. तो लावताना गाडी हाताने उचलायची नसते. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करून पायाने भार द्यायचा असतो. रेल्वे स्टेशनांबाहेरच्या दाट रांगांत ‘हँडल लॉक करू नका’ म्हणणारा पार्किंगवाला गाड्या सरकवत असतो. १९९३ च्या निर्देशातला तिऱ्हाईत तो हाच. एक कलंडली तर शेजारच्या दोन-चार तिच्याबरोबर जातात.

थांबण्याची वेळ : हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी वळलेल्या बाजूला ओढली जाते. बारीक खडी किंवा वाळू असेल तर फारच लवकर. शेवटच्या दोन मीटरमध्ये हँडल सरळ आणि मागचा ब्रेक, असे अनुभवी लोक सांगतात. सीट उंच असलेल्या गाड्यांवर (‘केटीएम ३९० ॲडव्हेंचर’च्या आधीच्या पिढीची ८५५ मिमी होती) पाय टेकायला जातो तिथे खड्डा निघाला तर सावरणे कठीण. उतरण्याआधी स्टँड टाचेने पुढे शेवटपर्यंत ढकलून पाहायचा, गाडी त्यावर सावकाश सोडायची, मगच पाय फिरवायचा.

मागे बसणारा : तो बहुधा डावीकडून, फूटरेस्टवर पूर्ण भार देऊन उतरतो, आणि तो भार गाडीला डावीकडे ओढतो. साडी नेसून एकाच बाजूला पाय ठेवून बसलेल्या स्त्रीच्या बाबतीत भार मुळातच डावीकडे असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ मुठीची, फूटरेस्टची आणि मागचे चाक निम्मे झाकणाऱ्या जाळीची सक्ती करतो. उतरण्याच्या क्रमाबद्दल त्यात काही नाही. मागच्याने आधी उतरावे की स्टँड लावल्यावर, याविषयी एकमत दिसत नाही. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबलेला असावा, याविषयी मात्र वाद नाही.

लेग गार्ड : पडल्यावर इंजिन व पाय वाचवण्यास उपयुक्त. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या डिसेंबर २०१७ च्या क्रॅश गार्डविरोधी पत्राचा दुचाकीशी कितपत संबंध, यावर वेगवेगळे अर्थ लावले जातात.

उचलणे : इंजिन बंद करून, सीटला पाठ टेकवून, पायांच्या जोरावर. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी स्टँड उघडून गिअर टाकतात, म्हणजे ती डावीकडे गेली तरी अडते. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत कलणे ओळखणारा सेन्सर इंजिन बंद करतो. किल्ली एकदा बंद करून पुन्हा फिरवल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत.